पारोळ्यात दिसलेली जॅग्वार

जळगावहून एसटीने धुळ्याला निघालो होतो. एरंडोल गेलं, पारोळा आलं. मांडीवर जॅग्वार एक्सजेआर-१५ चं चित्र! १९८८ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या एक्सजेआर-९ वरून ही गाडी बनली. शर्यतीत चालक एकटाच. रस्त्यावर शेजारीही हवा. म्हणून आतली जागा रुंद केली, छत उंचावलं. कार्बन फायबरचा सांगाडा आणि १२ सिलिंडरचं इंजिन मात्र कायम. बनल्या फक्त ५३. अन् रस्त्यासाठी बनवूनही १९९१ मध्ये त्या मोनॅकोत शर्यतीलाच उतरल्या!

शेजारचे आजोबा चित्र न्याहाळत म्हणाले, "झकास आहे रे बाळा. पण केळीचे घड कुठे ठेवायचे?"

मी गप्प. तेवढ्यात गतिरोधक आला आणि आमची लालपरी दणकन उडाली.