कपडे सांभाळणारा मुलगा

सूर्यमाळला आम्ही गेली कित्येक वर्षे जात आहोत. वसईहून निघून जव्हार मागे टाकले आणि मोखाडा तालुक्यातील खोडाळ्याकडचा चढ लागला, की हवाच पालटते. पाऊस ओसरताना तिथले ओहोळ भरून वाहत असतात आणि मुले शर्ट काढून त्यांत उड्या घेतात. आमचा धाकटा मात्र काठावर बसे. "पप्पा, तुम्ही जा. मी कपडे सांभाळतो," असे तो म्हणे. त्याला पाण्याची भीती वाटत असावी, अशी आम्ही उभयतांनी आपली समजूत करून घेतली होती.

असे पाच पावसाळे गेले. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या कपाटात छातीला घट्ट बांधण्याचा पट्टा सापडला, तेव्हा खरे कारण कळले.

डॉक्टरांनी ह्या विकाराचे नाव सांगितले, गायनेकोमॅस्टिया. म्हणजे पुरुषाच्या छातीतील स्तनग्रंथी वाढणे. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांत हे कमीअधिक प्रमाणात होते व बहुधा दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. कधी एखादे औषध, कधी यकृताचा वा अंडकोषाचा विकार त्यामागे असतो. म्हणून तपासण्या करायच्या. आमच्या मुलाच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. परंतु पाच वर्षांत ग्रंथी घट्ट झाली होती आणि औषधाचा काळ उलटून गेला होता. शस्त्रक्रिया हाच उपाय उरला. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना ह्याने ही शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे, हे ऐकून मुलगा प्रथमच हसला. "म्हणजे मी पहिला नव्हे," तो म्हणाला.

आमच्या कुटुंबाचा आरोग्यविमा होता. कंपनीचे उत्तर एका ओळीत आले: सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, खर्च नामंजूर. आम्ही संतापलो, पण शस्त्रक्रिया लांबवली नाही. साठवलेले पैसे भरले आणि मग विमापत्र प्रथमच शांतपणे वाचले. नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवून दिलेल्या कलमात रूप बदलणारे उपचार वगळले आहेत. मात्र अपघात, भाजणे वा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना, तसेच प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करणारा आवश्यक उपचार ह्यांना सूट आहे. ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केली पाहिजे.

आणि आमच्या डॉक्टरांचे पत्र दोन ओळींचे होते. तसे ते का होते, हे कबूल केलेच पाहिजे. "पत्रात फार काही लिहू नका," अशी विनंती आम्हीच त्यांना केली होती. चार माणसांच्या नजरेस पडेल, ह्याची लाज मुलाहून आम्हालाच अधिक होती.

मग सविस्तर प्रमाणपत्र घेतले. त्यात किती वर्षे त्रास, दुखणे, सोनोग्राफीत दिसलेली ग्रंथी, पट्ट्याखाली चिघळणारी त्वचा, औषध का चालणार नाही, सारे आले. काढलेल्या ग्रंथीचा अहवाल जोडला. मुलाने स्वतः एक पान लिहिले. हे सर्व कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठविले. महिन्याभरात उत्तर नसते आले, किंवा पटले नसते, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता आले असते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तशी वेळ आली नाही. काही रक्कम कापून दावा मंजूर झाला. कलमाचे शब्द कठीण आहेत; प्रत्येकाला हे यश येईलच असे नाही. पण जे कागदावर आलेच नाही, त्याचा विचार कोणी करणार कसा?

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा सूर्यमाळला गेलो. काठावर गावातलाच एक मुलगा शर्ट घालून बसला होता. धाकटा पाण्यात न उतरता त्याच्याशेजारी जाऊन बसला. दोघे काय बोलले, ते आम्ही विचारले नाही. संध्याकाळी त्याने एवढेच विचारले, "पप्पा, इकडच्या लोकांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कुठे करता येते?"

योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. यादीतल्याच उपचारांचा खर्च मिळतो, म्हणून आधी त्यांना विचारायचे, असे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी परतताना त्या मुलाला व त्याच्या वडिलांना गाडीत घेऊन आम्ही जव्हारच्या कुटीर रुग्णालयापाशी थांबलो.