कुड्याचे अर्घ्य

मेघदूताच्या एका मराठी भाषांतराच्या मुखपृष्ठावर परवा पुन्हा कमळ पाहिले आणि मन खट्टू झाले. कमळाशी माझे वैर नाही. परंतु संस्कृत ग्रंथ म्हटला की त्यावर कमळ काढावयाचे, हा आपल्याकडचा शिरस्ता चित्रकाराला ग्रंथ उघडण्याच्या श्रमातून मुक्त करतो, आणि ते मला रुचत नाही. कुबेराच्या हुकमाने वर्षभराची हद्दपारी भोगणाऱ्या यक्षाने आषाढाच्या आरंभी रामगिरीवर टेकलेल्या मेघाला अर्घ्य दिले ते कुटजाच्या ताज्या फुलांचे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींनी साधार प्रतिपादले आहे. आणि कुटज म्हणजे आपला पांढरा कुडा.

मला तो भेटला जव्हार-मोखाड्याच्या मुलखात. तेथे ज्येष्ठ लागतो, पळसाचा बहर कधीच सरलेला असतो, मोहाची फुले वेचून झालेली असतात, आणि उतारावरचे गवत करपून माती उघडी पडलेली असते, तेव्हा एरवी कोणाच्या खिजगणतीतही नसलेले हे लहानसे झाड फांद्यांच्या टोकांशी पाच पाकळ्यांच्या शुभ्र, सुगंधी फुलांचे घोस धरून उभे असते. पान खुडावे तर पांढरा चीक. साल कडूजहर, आमांशावरचे जुने औषध. यक्षाने ज्यांनी मेघाचे स्वागत केले त्याच फुलांची भाजी इकडच्या आदिवासी घरांत शिजते, आणि त्यात कालिदासाचा अवमान झाला असे मला मुळीच वाटत नाही. पुढे फुलाची शेंग होते. शेंग कसली, एकेका फुलाच्या दोन-दोन लांब, सडपातळ शेंगा, एकाच देठातून निघून शेवटपर्यंत वेगवेगळ्या लोंबणाऱ्या. त्या वाळून उकलल्या की आतल्या बिया, म्हणजे इंद्रजव, रेशमी तंतूंच्या झुबक्यानिशी वाऱ्यावर निघून जातात. विरहाच्या काव्याला याहून समर्पक चिन्ह कोणत्या चित्रकाराला कल्पनेने सुचले असते?

कालिदासाने तर फुलांची वाटणीच करून ठेविली आहे. यक्षाच्या अलका नगरीतील स्त्रियांच्या हाती कमळ, केसांत कुंद, मुखावर लोध्राचा पराग, अंबाड्यात कुरबक, कानी शिरीष, भांगात कदंब. सहाही ऋतूंची फुले तेथे एकाच वेळी हजर. हद्दपाराच्या ओंजळीत मात्र डोंगरावर आपोआप उगवलेला कुडा तेवढा. म्हणून मुखपृष्ठावर कुड्याचा घोस असावा, मलपृष्ठावर शेंगांची जोडी. आणि कमळ काढावयाचेच असेल, तर ते आत, उत्तरमेघाच्या, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागाच्या, आरंभी.