ऐंद्रजालिक आणि त्याचा प्रेक्षक

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ सोंगट्यांपेक्षा बोलण्यावर अधिक चालतो. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक खेळाडू एक पात्र रचतो व त्याच्या वतीने बोलतो. प्रसंग मांडण्याचे आणि निवाडा देण्याचे काम एकाकडे असते. त्याला सूत्रधार म्हणणे उचित ठरेल. केवळ आभास निर्माण करणारा मायावी या खेळात 1975 मध्ये आला. 1978 च्या नियमग्रंथाने त्याच्यासाठी बुद्धी किमान 15 आणि चापल्य किमान 16 अशी अट घातली. हे गुण सामान्यतः 3 ते 18 या श्रेणीत मोजले जातात, हे ध्यानात घेतल्यास अटीची कठोरता कळते.

नागपुरात दिवसा पदव्युत्तर वर्गात रससूत्राची चर्चा ऐकणारा एखादा विद्यार्थी सायंकाळी असे पात्र रचू लागला, तर तक्त्यावरील आकडे त्याला फार दूर नेत नाहीत. अग्निगोल फेकणाऱ्या मांत्रिकाचे सामर्थ्य मोजता येते: इतके फासे, इतकी इजा. मायावीची साधी आग कोणालाही जाळत नाही. समोरच्याने ती आग मानली तरच ती आग. 2014 च्या नियमांनुसार, संशय आलेल्या पात्राने आपली पाळी खर्चून आभास निरखला आणि वीस बाजूंच्या फाशाने त्याला साथ दिली, तर तो आभास त्याच्यापुरता पारदर्शक होतो. म्हणजे मायावीचे सामर्थ्य त्याच्या ठायी नसून पाहणाऱ्याच्या प्रतीतीत असते. त्यामुळे मायावी रचणे म्हणजे मंत्रांची यादी करणे नव्हे; ते प्रेक्षक कल्पिणे होय. पेंगुळलेल्या पहारेकऱ्याला राक्षस दाखवून उपयोग नाही. ज्याची त्याला धास्ती आहे, त्या वरिष्ठाच्या पावलांचा आवाज पुरेसा असतो.

आभास आणि प्रत्यक्ष चमत्कार यांतील भेद आपल्या नाट्यपरंपरेला अपरिचित नाही. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी'त भैरवानंद वत्सगुल्माहून एका राजकन्येला क्षणात राजासमोर आणतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी नागपूरच्या अभ्यासकांना म. म. वा. वि. मिराशी यांच्या संशोधनामुळे चांगली परिचित आहे. भैरवानंदाने आणलेली कन्या खरी आहे. तिथे कोणी मानण्या-न मानण्याचा प्रश्न उद्भवत नाही. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'तील ऐंद्रजालिकाची गोष्ट वेगळी. चौथ्या अंकात अंतःपुराला आग लागल्याचा आक्रोश होतो, सागरिका तिथे बेड्यांत आहे हे राणीच सांगते आणि राजा ज्वाळांत शिरतो. तिला बाहेर आणल्यावर आग नाहीशी होते आणि सागरिका हीच रत्नावली असल्याचे उघड होते. आग खोटी होती. राजाचे धावणे खरे होते. ते नसते तर ती ओळखच पटली नसती.

इथे श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवणे अपरिहार्य आहे. रंगमंचावरील रामाची प्रतीती सम्यक, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानांहून निराळी असते, असे त्याचे प्रतिपादन. टेबलावर हेच घडते. आग खोटी आहे हे सर्व खेळाडूंना ठाऊक असते, तरीही आपले पात्र मागे सरले, असे त्यांतील एखादा सांगतो. त्याची ती फसगत नसते. त्याने पात्राशी राखलेले ते इमान असते. उलट, प्रत्येक पहारेकऱ्याला पहिल्याच क्षणी संशय येऊ देणारा सूत्रधार नियम न मोडता मायावी निष्प्रभ करतो. यावर कोणत्याही नियमग्रंथात उपाय नाही. हुइझिंगाने 1938 मध्ये दाखवून दिले, की 'इल्यूजन' या शब्दाच्या लॅटिन मुळाशी 'खेळात असणे' हाच अर्थ आहे; आणि खेळात लबाडी करणाऱ्यापेक्षा खेळ मोडणारा समाजाला अधिक असह्य होतो.

साहित्याच्या वर्गाला हा प्रश्न दूरचा नाही. संहितेवर संशय घ्यावा, तिच्यातील सत्तासंबंध उघडे करावेत, हे शिक्षण आवश्यकच आहे. सत्तेच्या मायेला भुलणारा वाचक कोणाला हवा आहे? पण ज्याला केवळ आगीचा खोटेपणाच दिसतो, तो ज्वाळांपाशी शांत उभा राहतो, आणि सागरिका बेड्यांतच राहते. संशय कधी घ्यावा आणि कधी राखून ठेवावा, हा विवेक पद्धतिशास्त्रातून आपोआप येत नाही.

2014 च्या नियमांत चौदाव्या पातळीवरील मायावीला एक मुभा आहे: आपल्या आभासातील एक निर्जीव वस्तू तो एक मिनिटापुरती खरी करू शकतो, मात्र तिने कोणाला थेट इजा करता येत नाही. दरीवर दाखवलेला पूल तेवढा वेळ भार पेलतो. त्या मिनिटात पलीकडे जायचे, की पुलाचे खांब तपासत बसायचे, हे मात्र पुलाशी उभ्या असलेल्यांनीच ठरवायचे असते.