मिस्त्रींची उधारी

आमच्या घरातला फिलिप्सचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर पुन्हा वाजायला लागला आहे. आल्यागेल्याला ते माझं कसब वाटतं. माझा वाटा त्यात जेमतेम सोल्डरिंगचा. बाकी सगळी उधारी आहे, आणि तिच्यातली मोठी रक्कम नगरच्या माळीवाड्याकडच्या एका जिन्याखालच्या दुकानात थकलेली आहे.

रेडिओ चुलत्यांचा. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे त्यांना नानाच म्हणत. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं. वर्षाचे १५ रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकात नोंद करून आणायची. नाना ते पुस्तक सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर एकाच पेटीत ठेवत, यावरून घरात रेडिओचा मान काय होता ते समजावं. १९८०च्या दशकात लायसन गेलं, पण पुस्तक पेटीतून हललं नाही.

आमच्या जिल्ह्याला रेडिओची ओळख तशी आधीपासूनची. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने त्याने शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांचा प्रयोग केला. मराठी मुलखातली दीडेकशे गावं त्यात होती, नगर जिल्ह्यातलीसुद्धा. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं आणि अडलेलं केंद्राला लिहून विचारायचं. पुढच्या कार्यक्रमात उत्तर यायचं. रेडिओ एकट्याने ऐकायची वस्तू आहे हे आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं, ते बहुधा त्यामुळे. सकाळी सुधा नरवणे पुण्याहून प्रादेशिक बातम्या सांगत, तेव्हा आमच्या ओट्यावर घरच्यांपेक्षा बाहेरचीच माणसं जास्त असत.

पण नानांचा जीव शॉर्टवेव्हवर. नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं आणि १९५२ पासून बिनाका गीतमालेने अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळवला, हे तर सर्वश्रुत आहे. त्यावर उतारा म्हणून १९५७ साली आलेली विविध भारतीही सुरुवातीला मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह केंद्रांवरूनच लागायची. नाना गाण्यांपेक्षा बीबीसी हिंदीसाठी काटा फिरवत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराबाई गेल्याचं बीबीसीने दुपारीच सांगितलं आणि आकाशवाणीने संध्याकाळी. मधल्या काही तासांत आमच्या ओट्यावर माणसं नुसती बसून होती. विश्वास ठेवावा की नाही, हे कुणी ठरवायला तयार नव्हतं.

हा रेडिओ बिघडला की नाना मला घेऊन एसटीने नगरला, मिस्त्रींच्या त्या जिन्याखालच्या दुकानात येत. मिस्त्री भिंगारच्या छावणीतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुकान एवढं की गिऱ्हाईक उभं राहिलं की उजेड अडायचा. दहावीच्या सुट्टीत नानांनी मला त्यांच्याकडे सोडलं. "मिस्त्री, पोराला काहीतरी शिकवा, उगा उन्हात हिंडतंय," एवढंच बोलले. पैशाचं काही ठरलं नाही, पुढेही निघालं नाही.

त्यांची शिकवण्याची रीत उलटी होती. आधी काय करायचं नाही ते सांगायचे. सेट उघडला की लगेच मीटर लावायचा नाही. आधी वास घ्यायचा, जळका रेझिस्टर वासानेच सापडतो. मग डोळ्यांनी बघायचं. मीटर सगळ्यात शेवटी. शोध नेहमी स्पीकरकडून अँटेनाकडे घ्यायचा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टॅगला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या लोखंडाला बोट लावायचं. स्पीकर घरघरला तर तिथपासून स्पीकरपर्यंतचं सगळं धडधाकट, बिघाड अँटेनाच्या बाजूला. हा सगळा खेळ सेलवरच्या सेटमध्ये. विजेवरच्या सेटच्या आसपास ते मला फिरकूसुद्धा देत नसत. आणि आयएफटी नावाच्या जुळवणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या रंगीत स्क्रूला हात लावायचाच नाही. तिथे साधारण ४५५ किलोहर्ट्झवर सगळं जुळवलेलं असतं. घरच्या हुशार माणसाने तो स्क्रू फिरवला की साधा बिघाड अवघड होतो आणि सगळ्या केंद्रांचा आवाज बसतो. "रेडिओ कमी बिघडतो बाळ, बिघडवला जास्त जातो," असं ते चिडून म्हणायचे, कारण असे सेट रोज येत.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातले काही पैसे आणि पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पेढा खाल्ला. पैसे घेतले, वही उघडली आणि पाथर्डीकडच्या एका ऊसतोड कामगाराच्या नावापुढची रक्कम खोडली. त्याचा सेट दुरुस्त होऊन फडताळात पडला होता. मुकादमाची उचल घरात संपलेली, आणि दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर निघणार. रेडिओ त्याच्याबरोबर गेला. मला पावती मिळाली नाही आणि माझं देणं होतं तेवढंच राहिलं.

पुढे टीव्ही आला, एफएम आलं, दुकान आधी अर्धवेळ झालं, मग बंद. बंद करताना त्यांनी मला एक खण आणि एक वही दिली. खणात कंडेन्सर, केंद्र लावायचे गँग आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर. वहीत हाताने काढलेली सर्किटं, काही ठिकाणी मोडीसारखी वाटावीत अशा मराठीत टिपणं.

वाटण्या झाल्या तेव्हा नानांचा रेडिओ कुणालाच नको होता. काकूंनी तो माझ्या पिशवीत टाकला. सेल आतच राहून फुटले होते, स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. आपल्याकडच्या जुन्या झिंक-कार्बन सेलचं पाणी आम्लाकडे झुकतं, म्हणून खाण्याच्या सोड्याने पुसून घेतलं. सुकलेले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूमची खरखर स्पिरिटने गेली. बोट लावल्यावर स्पीकर घरघरत होता, पण केंद्र एकही लागेना.

मग वही काढली. एएफ ११७ या ट्रान्झिस्टरच्या चित्राशेजारी मिस्त्रींनी लिहिलं होतं: चौथा पाय कापा, शुद्धीवर येतो. चौथा पाय म्हणजे धातूच्या टोपीला जोडलेला, अर्थिंगचा. तो कापला, तोही बाजूच्या एकाही सेटिंगला धक्का न लावता, आणि रेडिओ खरंच बोलला. कारण मला नंतर कळलं. या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या टोपीत वर्षानुवर्षं कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात, ते आतल्या तारांना टेकतात आणि सिग्नल थेट अर्थला जातो. मिस्त्रींना हे शास्त्र माहीत होतं का, कोण जाणे. उपाय त्यांना पक्का माहीत होता आणि तो त्यांनी लिहून ठेवला, ही मला शास्त्राहून मोठी गोष्ट वाटते.

डायलची दोरी तुटली होती. ती ड्रमवरून, पुल्यांवरून फिरवून स्प्रिंगला ताणून बांधणं हे माझ्या जाड बोटांचं काम नव्हे. काकूंनी गोधडी शिवल्याच्या सवयीने एका बैठकीत ओवून दिली. त्यांचंही देणं आहेच, पण ते घरातलं. गँगचा एक सुटा भाग पुण्याच्या जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याचा. त्याने मोडक्या सेटमधून काढून दिला आणि वर विचारलं, "वाजतोय का ते सांगायला याल ना?"

वाजतो. नगर आकाशवाणी मात्र यावर लागत नाही, ती एफएमवर १००.१ला. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झालं. त्या बँडवर आता रात्री चिनी केंद्रं जोरात येतात आणि काकू त्यांना शिव्या घालत काटा पुढे सरकवतात.

तुमच्या गावातही असा एखादा मिस्त्री असेल, दुकान बंद करून घरी बसलेला. त्याची वही मागून घ्या, नाहीतर फोटो तरी काढून ठेवा. ती रद्दीत गेली की त्या सेटांचे उपाय पुन्हा कुठे लिहिलेले सापडणार नाहीत. आणि माळ्यावर रेडिओ असेल तर आजच त्यातले सेल काढा.