गयेच्या वाटेवरचे धरनई

बाबा गेले त्याच वर्षी दादाने आणि मी ठरवले होते, की एकदा गयेला जाऊन त्यांचे श्राद्ध करायचे. ठरले आणि राहून गेले. कधी दादाला रजा नाही, कधी आमच्या कॉलेजच्या परीक्षा. अखेर गेल्या पितृपक्षात योग आला. निघायच्या आदल्या रात्री मामांचा फोन आला. खानापूर तालुक्यातल्या जंगलात माझे आजोळ आहे. तिथे घरात फोन लागत नाही, वाडीवरच्या टेकडीवर एका आंब्याखाली उभे राहावे लागते.

"गयेहून आलास की वाडीवर येऊन जा रे," मामा म्हणाले. "त्या सोलरचं काय ते ठरवायचं आहे. तू अर्थशास्त्र शिकवतोस, तूच सांग की, घ्यायचं का नको."

प्रश्न साधा नव्हता. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून वाडीला सौर वीजकेंद्र बसवून मिळणार होते. पण पुढे ते चालवायचे वाडीने. याआधी घरोघरी सौरदिवे वाटले गेले होते. त्यांच्या बॅटऱ्या केव्हाच बसल्या. आता ते डबे कोंबड्यांच्या खुराड्यावर वजन म्हणून ठेवलेले असतात.

वाडीला तारेची वीज नाही. भोवती दाट जंगल, २०११ पासून अभयारण्याची हद्द, त्यामुळे खांब आलेच नाहीत. आमच्या घरात हा विषय जिव्हारी लागणारा होता, कारण बाबा वीजमंडळात लाईनमन होते. अर्ध्या तालुक्यात खांब उभे करणाऱ्या माणसाला सासुरवाडीत एकही खांब उभा करता आला नाही. त्यांचे कन्नड सहकारी चेष्टेने म्हणायचे, "दीपद बुडदल्ली कत्तले." आपल्याकडची दिव्याखालचा अंधार हीच म्हण. बाबा हसायचे, पण आजोळहून परतताना गाडीत गप्प असायचे.

गयेला विष्णुपदावर विधी झाले. आजचे हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधून घेतलेले. त्यामुळे एवढ्या दूरच्या गावी, फल्गूच्या काठी, मराठी माणसाला उगीचच आपलेपणा वाटतो. गयावळांच्या वह्या, पिंडदानासाठी लोटलेली गर्दी, काठावरची वाळू, या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल.

दादाला बराबरची लेणी पाहायची होती. अशोकाच्या काळातली, आजीवक संन्याशांसाठी काळ्या कातळात कोरलेली, देशातली सर्वांत जुनी टिकून राहिलेली कोरीव लेणी. आतल्या भिंती आरशासारख्या घोटीव. साधे बोललो तरी आवाज किती तरी वेळ घुमत राहतो. मला मात्र त्याच बाजूचे एक गाव पाहायचे होते. गयेहून पाटण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगतचे, जहानाबाद जिल्ह्यातले धरनई. वर्गात मिनी-ग्रिड शिकवताना मी या गावाचे नाव कितीदा घेतले असेल. बाबांचे पिंडदान करून येताना ते पाहणार असल्याने मन थोडे हळवे झाले होते.

मिनी-ग्रिड म्हणजे गावापुरते वीजकेंद्र. सौर पॅनेल किंवा भुशावर चालणारे यंत्र, बॅटऱ्या आणि तिथून घरोघर जाणाऱ्या गावच्याच तारा. दूरच्या मोठ्या केंद्राशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. धरनईत एकेकाळी सरकारी वीज होती, ती १९८० च्या दशकात गेली आणि पुढची तीसेक वर्षे आलीच नाही. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने दोन सहकारी संस्थांना बरोबर घेऊन इथे १०० किलोवॅटचे सौरकेंद्र सुरू केले. त्यातले ७० किलोवॅट घरे, दुकाने व दिव्यांसाठी, ३० किलोवॅट पाण्याच्या पंपांसाठी. साडेचारशेच्या आसपास घरे, पन्नासेक दुकाने, रस्त्यावर दिवे. खर्च सुमारे तीन कोटी. देशभर छायाचित्रे छापून आली. पण उद्घाटनासाठी नितीशकुमार गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली ती 'असली बिजली'ची! थोड्याच दिवसांत सरकारी तारा आल्या. सौरविजेचा दर त्यांच्या ढोबळ तिप्पट. सौरविजेवर फ्रीज, इस्त्री, हीटर चालवायला मनाई; तारेवर काहीही चालवा. लोक एकेक करून तिकडे गेले, वसुली आटली, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. केंद्र बंद पडून आवारात गुरे बांधली जात असल्याच्या बातम्या २०२१ साली आल्या.

हमरस्त्यावरच्या टपरीत आम्ही चहा घेतला. डोक्यावर सरकारी विजेचा पंखा फिरत होता. शेजारी बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना मी सौरकेंद्राचे विचारले. बाहेरून येणाऱ्याने हेच विचारायचे, याची त्यांना सवय असावी. ते आपल्या हिंदीत जे म्हणाले त्याचा मथितार्थ असा: "दिवे लागले ते दिवस चांगलेच होते. पोरं रात्री वाचायला बसली, बायका संध्याकाळनंतर बाहेर निघू लागल्या. ते फसलं असं आम्हाला वाटत नाही. ते आलं म्हणूनच सरकारला जाग आली. पण बॅटरी बदलायचे पैसे कुणाकडे होते? आणि स्वस्त माल समोर असताना महाग माल कोण घेतो, मास्टरजी?"

एवढ्या नेमक्या शब्दांत मला वर्गात कधी सांगता आले नव्हते. दादाने चहाचे पैसे दिले आणि बाहेर येऊन खांबावरच्या तारांकडे बघत म्हणाला, "बाबा असते तर आधी अर्थिंग तपासलं असतं."

परतीच्या गाडीत मी वहीत हिशोब मांडत बसलो. लोक समजतात, सौरवीज म्हणजे सूर्य फुकट, म्हणजे वीज फुकट. खरे तर उलटे आहे. इथे सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि तो वसूल होतो दहा-पंधरा वर्षे, पाच-दहा रुपयांच्या चिल्लरीत. त्यात मधेच बॅटऱ्या बदलाव्या लागतात. कर्ज देणाऱ्याला म्हणून धास्ती वाटते, व्याज चढते आणि विजेचा दर वाढतो. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालात जगभर साडेएकवीस हजार मिनी-ग्रिड आणि त्यांवर ४ कोटी ८० लाख माणसे असा आकडा दिला होता. २०३० पर्यंत ४९ कोटी लोकांना अशी वीज द्यायची तर २ लाख १७ हजार केंद्रे आणि १२७ अब्ज डॉलर लागतील, असेही त्यात म्हटले होते. सौर मिनी-ग्रिडच्या विजेचा खर्च २०१८ मध्ये युनिटला ५५ सेंट होता, तो ३८ वर आला. म्हणजे यंत्रे स्वस्त होत आहेत. अडचण आहे ती पैसा कोण घालणार आणि तो कसा फिरणार, याची.

त्याच बिहारमध्ये दुसरेही उदाहरण आहे. पश्चिम चंपारणातल्या तमकुहा गावी २००७ साली काही तरुणांनी भाताच्या तुसापासून वीज तयार केली. तीच आजची हस्क पॉवर. पुढे त्यांनी तुसाला सौरऊर्जेची जोड दिली. २०२२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देणाऱ्या 'इरेडा' या सरकारी संस्थेने त्यांना उत्तर प्रदेश व बिहारमधल्या १४० मिनी-ग्रिडसाठी ३१ कोटी रुपये मंजूर केले. २०२३ मध्ये १० कोटी ३० लाख डॉलर उभे राहिले, त्यात ६ कोटी कर्ज आणि बाकीचे भांडवल. धरनईत बसले ते देणगीतून. इथे पैसा परत द्यायचा आहे, म्हणून ग्राहकही तसाच शोधावा लागतो. नुसत्या दिव्याच्या बिलावर केंद्र जगत नाही. गिरणी, वेल्डिंगचे दुकान, शीतपेट्या, पाण्याचा पंप लागतो.

आपल्या कर्नाटकाला ही गोष्ट नवी नाही. १९०२ साली शिवनसमुद्रची वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणीला गेली आणि बंगळुरूचे दिवे लागले ते १९०५ साली. आधी पैसे देणारा मोठा ग्राहक, मग रस्त्यावरचा दिवा. सेल्कोच्या हरीश हंदे यांनीही याच कर्नाटकात दाखवून दिले, की गरिबाला फुकट नको असते. त्याच्या मिळकतीच्या चालीने हप्ता बांधून दिला की तो फेडतो.

राहिला स्वस्त तारेचा प्रश्न. नायजेरियाने २०१६ च्या नियमावलीत लिहूनच ठेवले, की मोठी वीजवाहिनी आली तर छोट्या केंद्राने तिला जोडून घ्यावे किंवा भरपाई घेऊन केंद्र सोपवावे. तिथे अनुदानही घराला प्रत्यक्ष वीज पोचल्याची खात्री झाल्यावर मिळते. उत्तर प्रदेशाच्या २०१६ च्या धोरणातही अशी वाट ठेवली आहे. धरनईच्या वेळी असा कागद नव्हता.

आमच्या वाडीला तर याहून मोठा पेच. २०२३ पासून राज्यात गृहज्योती योजनेखाली घरगुती वीज ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत मोफत आहे. म्हणजे हमरस्त्यावरच्या गावाला वीज फुकट आणि जंगलातल्या वाडीने पैसे मोजायचे. हे न्यायाचे आहे का? नाही. पण म्हणून अंधारात बसावे का?

आल्यावर पहिल्याच रविवारी वाडीवर गेलो. संध्याकाळी देवळासमोर माणसे जमली. मी धरनईची हकिकत सांगितली, गुरांच्या गोठ्यासकट. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीचेही सांगितले. तिथे २०१२ मध्ये ग्राम ऊर्जा या संस्थेने चाळीसेक घरांसाठी साडेनऊ किलोवॅटच्या आतले केंद्र बसवले, मीटर लावले आणि कारभार गावच्या न्यासाकडे दिला.

मग फळ्याऐवजी पाटीवर हिशोब मांडला. चाळीस घरे, महिन्याला शंभर रुपये, वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, पाच वर्षांत दोन लाख चाळीस हजार. ही रक्कम बॅटरीची, तिला सणावारालाही हात लावायचा नाही. खाते सोसायटीत, सह्या तिघांच्या, त्यात एक बाई.

"आणि आम्ही हे घेतलं तर खरी लाईन येणारच नाही, त्याचं काय?" एका तरुणाने विचारले. धरनईत आलेल्या अनुभवाने याचे उत्तर दिले होते, पण आपल्याकडे तसेच घडेल याची हमी मला देता येईना. मी तसे सरळ सांगितले. एवढेच म्हणालो, की अर्जात दोन कलमे घालू. सौरकेंद्र घेतले म्हणून तारेचा हक्क सुटत नाही, हे एक. आणि उद्या तार आली किंवा वाडीच उठून दुसरीकडे वसवली गेली तर सामान कुणाचे, हे दुसरे. अभयारण्यातल्या वाड्या उठणार ही चर्चा सगळ्यांच्या कानावर आहेच. त्या कलमावर बराच वेळ कुणी बोलले नाही.

मामी मागे उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "ह्याच्यावर भाताची गिरणी चालेल का?"

कंपनीच्या कागदावर फक्त दिवे, पंखे आणि मोबाईल होते. गिरणी नव्हती. भात कांडायला बायका दोन-अडीच तास डोक्यावर ओझे घेऊन जातात, हे त्या कागदावर येणार तरी कसे?

"मग असं लिही," मामी म्हणाल्या, "नुसत्या दिव्याचे शंभर द्यायला माझा जीव होणार नाही. गिरणी फिरली तर दीडशे देते."

पाटीवरचा शंभरचा आकडा मी पुसला आणि नव्याने हिशोब मांडला. केंद्र थोडे मोठे लागणार होते. गिरणी दिवसा, उन्हात चालवायची म्हणजे बॅटरीवर भार येत नाही. कांडपाचे पैसे वेगळे जमा होतील. रात्री कंदिलाच्या उजेडात अर्ज पुन्हा लिहून काढला, मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक. मामांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, काहींचे अंगठे. दुसऱ्या दिवशी खानापूरला येऊन मी तो पोस्टात टाकला.

कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही. मामांनी मात्र सोसायटीत खाते उघडले आहे. आंब्याखालून फोन करून त्यांनी परवा सांगितले, पहिल्या महिन्याचे पैसे एकतीस घरांनी भरले.