घड्याळाचा तंटा

आमच्या वडिलांचें मनगटी घड्याळ वारशानें आमच्याकडे आलें तेव्हां त्याची किंमत काय, हा प्रश्न आमच्या मनांत आला नव्हता. तें एच. एम. टी. चें ‘जनता’ नांवाचें, रोज चावी द्यावयाचें घड्याळ. तबकडी पांढरी, अंक साधे, आणि खालच्या अंगास नागरी लिपींत ‘जनता’ हीं तीन अक्षरें. १९६१ सालीं बंगळूर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें सरकारी कारखान्यांत मनगटी घड्याळें होऊं लागलीं, आणि कितीएक कारकून, शिक्षक व रेल्वेचे नोकर यांच्या मनगटावर पहिलें घड्याळ चढलें तें याच कारखान्याचें. वडील सकाळीं चहापूर्वीं त्यास चावी देत. चावी देतांना ते कोणाशींही बोलत नसत. आम्हां मुलांसही तेवढा वेळ गप्प बसावें लागे.

वडील निवर्तल्यावर घड्याळ पेटींत पडून राहिलें. दोन वर्षांनीं बाहेर काढलें तों तें चाले, पण दिवसाकांठीं दहा-बारा मिनिटें मागें पडे. आंतील तेल वाळलें म्हणजे असें होतें. या यंत्रांतील तोलचाक तासांत १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदास पांच. आणि ज्या टोकांवर तें फिरतें तीं जाडीनें मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्श्याएवढीं असतात. इतक्या नाजुक जागीं तेलाचा चिकटा झाला कीं चाल बिघडावयाचीच.

आम्ही तें गांवांतील एका जुन्या घड्याळजींकडे दिलें. त्यांनीं पावती केली: ‘एच. एम. टी. हातघड्याळ, साफसफाई, ६०० रुपये.’ तबकडी कशी आहे, कांटे कोणते आहेत, कांचेस चरे किती, याविषयीं पावतींत अक्षर नव्हतें, आणि तें लिहून घ्यावें हें आम्हांसही सुचलें नाहीं. घाई आमचीच होती. बाहेर रिक्षा उभी करून ठेविली होती.

पंधरा दिवसांनीं घड्याळ हातीं आलें तें सुरेख चालत होतें. मात्र ‘जनता’ मधील ‘ता’ जवळजवळ नाहींसा झाला होता व ‘न’ फिकट पडला होता. शिवाय सेकंदकांटा आम्हांस वेगळा दिसला. वडिलांच्या घड्याळाच्या सेकंदकांट्याचें टोक तांबडें होतें. हा सगळा साधा पोलादी. आम्ही दुकानांतच आवाज चढविला. कांटा बदलला, तबकडी पुसली, असे दोन आरोप एका दमांत केले. घड्याळजी म्हणाले, “साहेब, कांटा आला तोच आहे. अक्षरें आधींच उडालेलीं असतील. पन्नास वर्षांचा माल आहे.” आम्ही पैसे देण्याचें नाकारलें. त्यांनीं घड्याळ परत फडताळांत ठेविलें. आम्ही रिकाम्या हातांनीं घरीं आलों आणि रात्रीं नीट जेवलों नाहीं.

दुसरे दिवशीं आम्ही कायदा पाहिला. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत अशा व्यवहाराचा विचार आहे. कलम १५१ प्रमाणें, ज्याच्या ताब्यांत वस्तु दिली त्यानें, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. हें वाचून आम्ही खूष झालों. पण त्याच प्रकरणांतील कलम १७० असें कीं, ज्यानें वस्तूवर आपली मेहनत व कसब खर्च करून ठरलेलें काम पुरें केलें, त्यास त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तु ठेवून घेतां येते. तें वाचून खुषी थोडी उतरली. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदाही होता. दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार नेतां आली असती. परंतु कोठेंही गेलें तरी प्रश्न एकच येणार होता: घड्याळ देतांना तें कसें होतें, याला पुरावा काय?

पुरावा आमच्या पुतण्यापाशीं निघाला. शाळेच्या कांहीं कामासाठीं त्यानें मागें घरांतील जुन्या वस्तूंचीं छायाचित्रें मोबाइलवर घेतलीं होतीं. त्यांत घड्याळ होतें. त्यानें चित्र बोटांनीं मोठें केलें आणि ‘जनता’ हीं तिन्ही अक्षरें काळीभोर, ठसठशीत दिसलीं. आम्ही आनंदानें त्याची पाठ थोपटली. मग त्यानें चित्र जरा वर सरकविलें. सेकंदकांटा एकाच्या अंकापाशीं उभा होता. त्याला तांबडें टोक नव्हतें.

आम्ही दोघेही कांहीं वेळ बोललों नाहीं. मग पुतण्या म्हणाला, “काका, वरचा भाग कापून टाकूं या. अक्षरें तेवढीं दिसतील. कांट्याचें शेपूट थोडें राहील, पण तें कोण बघतो!”

वाचकहो, त्यास आम्हीं ताबडतोब रागें भरलें असें लिहावयास हवें. पण तसें घडलें नाहीं. आम्हीं त्यास चित्र कापावयास सांगितलें, कापलेलें पाहिलें, आणि तें फार सोईचें दिसलें. अक्षरांविषयीं आमचें म्हणणें खरेंच होतें. मग अर्धें चित्र दाखविण्यांत खोटें तें काय? हा युक्तिवाद आम्ही संध्याकाळपर्यंत मनाशीं घोळवीत होतों. पण त्या घड्याळजींस आम्हीं भर दुकानांत, चार गिऱ्हाइकांपुढें, कांटा चोरल्यासारखें बोललों होतों, आणि तो कांटा त्यांनीं बदलला नव्हता, हें आतां आम्हांस ठाऊक झालें होतें. मुलगा चित्र घेऊन समोर बसला होता. शेवटीं आम्ही पुरें चित्र घेऊन गेलों व त्यासही बरोबर नेलें.

दुकानांत गेल्यावर आम्हीं प्रथम कांट्याचें सांगितलें. “तुमचें खरें होतें, आमची चूक झाली,” असें म्हणतांना घसा कोरडा पडला हें कबूल करतों. घड्याळजींनीं चित्र पाहिलें. मग अक्षरांवर त्यांची दृष्टि थांबली. त्यांनीं फडताळांतून घड्याळ काढलें, डोळ्याला भिंग लाविलें, तबकडी न्याहाळली, आणि पुन्हा चित्र पाहिलें. इतक्यांत मागील स्टुलावर बसलेला त्यांचा शिकाऊ मुलगा उठला. “मालक, डाग होता म्हणून मीच पुसली. पेट्रोलाच्या फडक्यानें.”

चाकें पेट्रोलांत धुवावयाचीं असतात; तबकडीस मात्र तें लावावयाचें नसतें, कारण तिच्यावरील छपाई व वार्निशाचा पातळ थर त्यानें सुटतो. हें त्या पोरास कोणी सांगितलें नव्हतें. घड्याळजी बराच वेळ भिंग पुशीत राहिले. मग म्हणाले, “मला ठाऊक नव्हतें. पण दुकान माझें आहे.” मुलाला ते आमच्यासमोर एक शब्दही बोलले नाहींत. मागाहून काय बोलले तें आम्हांस माहीत नाहीं. तो मुलगा पुढील महिन्यांतही तेथेंच दिसला एवढें खरें.

त्यांनीं नवी तबकडी बसवून देऊं केली. ती चकचकीत होती, पण पुन्हा रंगविलेली. तसल्या तबकड्या बाजारांत पुष्कळ मिळतात, आणि त्या चढविलेलीं घड्याळें अस्सल म्हणून विकलींही जातात. घड्याळें करणारी ती सरकारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. तेव्हां अस्सल जुनी तबकडी हवी तर ती दुसऱ्या मोडक्या घड्याळाचीच काढावी लागते. आम्हीं पुसट तबकडीच ठेविली. पैशांविषयीं थोडी ओढाताण झाली, पण या वेळीं उलट दिशेनें: ते कांहींच घेईनात, आणि यंत्राचें काम चोख झालें असतां फुकट नेणें आम्हांस बरें वाटेना. अखेरीस ३०० रुपयांवर मिटलें. अस्सल तबकडी हातीं आली तर बसवणावळ न घेतां बसवून देईन, असें त्यांनीं त्याच जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिलें.

निघतांना त्यांनीं घड्याळाचें मागील झांकण उघडून आंतली बाजू दाखविली. तेथें सुईनें कोरलेली एक खूण व ‘८१’ हा आंकडा होता. घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर अशा खुणा आपल्या माहितीसाठीं करून ठेवितात. १९८१ सालीं तें कोणा दुसऱ्याच्या हाताखालून गेलें होतें.

घरीं येऊन मातोश्रींस विचारलें. त्या म्हणाल्या, “तांबडा कांटा होता खरा. तूं लहान असतांना विहिरीच्या काठावर घड्याळ आपटलंस, तेव्हां मोडला. यांनीं तुला सांगूं दिलें नाहीं.”