रात्रीचे पाणी आणि मिठाची बॅटरी

आपल्याकडे बॅटरी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती हातातली. तीन सेलची, पत्र्याची, खुंटीला अडकवलेली. रात्री दारे धरायला निघालेला माणूस एका हातात ती घेतो, खांद्यावर खोरे टाकतो आणि अंधारात नाहीसा होतो. मागे घरात जी बाई राहते ती काय करते, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको. ती ओट्यावर येऊन बसते आणि शिवारात तो उजेडाचा ठिपका शोधत राहते. ठिपका हलला की जीव भांड्यात पडतो. बराच वेळ एका जागी थांबला की छातीत धडधड सुरू होते.

आमच्याकडे शेतीच्या विजेची पाळी असे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. २००७ सालच्या जानेवारीत गव्हाला पाणी चालू होते आणि पाळी रात्रीची होती. दीडच्या सुमारास ठिपका थांबला तो हललाच नाही. पाट फुटला म्हणून हे बांधावर वाकले होते आणि घोणस चावली. तालुक्याला नेले, सापाची लस मिळाली, अकरा दिवसांनी घरी आले. उजव्या पायाची दोन बोटे मात्र गेली. गहू त्या वर्षी उत्तम आला. सासूबाई वर्षभर त्या गव्हाच्या पोळीला शिवल्या नाहीत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असे. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून गेला नाही. ऊन दिवसभर आपल्या डोक्यावर फुकट तापते, मग माणसाने पाणी द्यायला मध्यरात्री का जायचे?

उत्तर असे आहे, वाचकहो. वीज ही दुधासारखी नव्हे, की तापवून ठेवली आणि सकाळी वापरली. तयार झाली त्याच क्षणी ती वापरली गेली पाहिजे. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, टीव्ही एकदम चालू होतात, आणि नेमका तेव्हाच सूर्य मावळतो. म्हणून कोळशाची वीजघरे चालू ठेवावी लागतात. ती चुलीसारखी चटकन विझवता येत नाहीत. दहानंतर गावे आणि शहरे झोपतात, वीज उरते, आणि उरलेल्या विजेला गिऱ्हाईक कोण? आपण. संध्याकाळचे ते चार तास दिवसाच्या उन्हाने भरून काढता आले, तर मध्यरात्रीच्या पाळीचे मोठे कारणच जाईल. म्हणजे दुपारची वीज कुठेतरी साठवून ठेवली पाहिजे.

आता मिठाकडे वळते.

शाळेच्या प्रयोगशाळेत रॉकेलच्या बाटलीत सोडियमचे तुकडे असत. दरवर्षी मी हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्याने काढून पाण्यात टाकीत असे. तो पाण्यावर सुरसुरत पळे, कधी पेटही घेई, आणि मुले बाकांवर उभी राहत. हाच सोडियम क्लोरीनशी जोडला गेला की आपल्या डब्यातले मीठ होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत जवळजवळ ११ ग्रॅम सोडियम. मोबाईलच्या बॅटरीत असते ते लिथियम मात्र ऑस्ट्रेलिया, चिली, अर्जेंटिना अशा थोड्या देशांतून येते. सोडियमसाठी कोणापुढे हात पसरायला नको. गुजरातेत मिठापूरला मिठापासून सोडा कितीतरी वर्षे तयार होतो आहे.

मिठाच्या बॅटरीत मीठ भरलेले असते, असे मात्र समजू नका. सोडियमचे विद्युतभारित कण गाव ते तालुका जाणाऱ्या एसटीसारखे दोन बाजूंच्या मध्ये फेऱ्या मारतात. भरताना ते कोळशासारख्या कार्बनच्या थरात जाऊन बसतात, वीज काढताना परत येतात. हा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही करता येतो. लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा लागतो. सोडियमला दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियम चालते. तांब्याचा भाव काय असतो, हे मोटर रिवाइंड करून आणणाऱ्याला विचारा.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकातच सोडियम आणि गंधकाची बॅटरी करून दाखवली होती. पुढे जपानने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. रोक्काशो येथे २००८ मध्ये ५१ मेगावॅटच्या पवनचक्क्यांशेजारी ३४ मेगावॅटची अशी बॅटरी बसली. पण तिला आतून सुमारे ३०० अंश तापमान लागते, कारण सोडियम आणि गंधक दोन्ही वितळलेले ठेवावे लागतात. २०११ मध्ये जपानमध्येच अशा एका बॅटरीला आग लागली होती. रॉकेलच्या बाटलीतला तुकडा आठवला म्हणजे आश्चर्य वाटत नाही.

नव्या सोडियम-आयन बॅटरीत असा वितळलेला धातू नसतो आणि ती साध्या तापमानाला चालते. चीनच्या हुबेई प्रांतात २०२४ मध्ये हिचा एक मोठा संच सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात एका वेळी एक लाख युनिट वीज साठते. पाच एचपीची मोटर तासाला चार युनिट खाते असे धरले, तर सव्वासहा हजार मोटरी चार तास चालतील एवढी! आपल्या पुण्यातही केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये असे तंत्रज्ञान तयार केल्याचे जाहीर केले. पुण्याच्याच आयसर संस्थेतल्या संशोधनाचा त्यात वाटा आहे.

हिचा दोष म्हणजे लिथियमपेक्षा ती जड आणि जागा जास्त खाणारी. मोटारगाडीला हे अडचणीचे. पण विजेच्या उपकेंद्राच्या आवारात एका जागी बसायचे असेल तर वजनाची फिकीर कोणाला? शिवाय आपल्या इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीपुढे ती हलकीच. १५० अ‍ॅम्पिअर-तासांची ती बॅटरी पन्नास-साठ किलोची, आणि तिच्यात मावते १.८ युनिट. तीही निम्म्याखाली वारंवार उतरवली की लवकर मरते, आणि पाणी घालायला आपण विसरतो ते वेगळेच. एवढी वीज मावणाऱ्या सोडियमच्या सेलचे वजन पंधरा किलोच्या आसपास भरेल.

मग उद्याच आणावी का? थांबा. २०२२ साली लिथियमचे भाव आभाळाला भिडले तेव्हा सगळे सोडियमकडे धावले. दोन वर्षांत ते भाव कोसळले आणि धावणाऱ्यांचे पाय जड झाले. कांद्याचा बाजार पाहिलेल्यांना यात नवल नाही. आज सोडियम लिथियमपेक्षा स्वस्तच पडेल, असे छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. आणि घरच्या जुन्या इन्व्हर्टरला ही बॅटरी परस्पर जोडू तर मुळीच नका. भरताना आणि उतरताना हिचा व्होल्टेज फार वरखाली होतो, त्यासाठी तिच्याजोगाच चार्जर लागतो.

पंपापुरते म्हणाल, तर माझे मत आमच्या ह्यांना पटते आणि मुलाला पटत नाही. सौरपंपाने दिवसा शेततळे भरून ठेवावे. साठवलेले पाणी हीच शेतकऱ्याची सर्वांत स्वस्त बॅटरी. मुलगा म्हणतो, शेततळ्याने दूध थंड होत नाही आणि पिठाची गिरणी फिरत नाही. तेही खरे. म्हणून ही बॅटरी एकेका घरात येण्याआधी उपकेंद्रात यावी, सगळ्या गावाची मिळून, असे मला वाटते.

राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. आमचा फीडर गेल्या वर्षी सौर विजेवर गेला. आता पाणी सकाळी नऊला सुरू होते. माझ्या धाकट्या जावेच्या माहेरी अजून रात्रीची पाळी आहे. फोनवर बोलताना ती मध्येच थांबते, तेव्हा ती ओट्यावर बसली आहे हे मला इकडे कळते.

आमचे हे अजून कधीकधी रात्री दीडला उठून बसतात. पाळी कुठली, म्हणून विचारतात. बॅटरी खुंटीवर आहेच. सेल मात्र मी काढून ठेवले आहेत. गळले म्हणजे आतला पत्रा खाऊन टाकतात.